गुयाचा चहा आणि प्रेसवरची झोप

ताप आला की लोक कपाळाला हात लावून बघतात. पाय मोडला की खाली उशी सरकवतात. दुपारी कामावर ज्याला झोप येते, त्याला मात्र कोणी आजारी समजत नाही, सगळे हसतात. मीही हसायचो. हसणाऱ्यांत आपणच सामील झालो की आपल्यावर जरा कमी हसतात, असा माझा अनुभव आहे. बरेच दिवस मी तसे काढले. ज्यांना शुगर आहे आणि जेवणानंतर खुर्ची, टेबल, भिंत, जे सापडेल त्यावर डोकं टेकवावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना शुगर नाही आणि तरीही तसंच वाटतं, त्यांनी एकदा तपासून घ्यावं. मीही स्वतःला त्यांच्यातलाच समजत होतो.

माझी नोकरी

देवळीच्या अलीकडे एक जिनिंग आहे, तिथे मी प्रेसवर फोरमन आहे. शेतकऱ्याचा कापूस येतो, जिनात त्याची सरकी वेगळी होते, राहिलेली रुई प्रेसमध्ये येते आणि तिथे दाबून तिचा मोठा गठ्ठा होतो, त्याला गाठ म्हणतात. प्रेस म्हणजे एक मोठी पोलादी पेटी. दट्ट्या येऊन रुई दाबतो, दारं उघडतात, दोन्ही बाजूंनी माणसं हात आत घालतात, तारा ओवतात, बांधतात, हात बाहेर काढतात. मग पॅनलवरचा माणूस बटण दाबतो आणि दट्ट्या हलतो. आत हात असताना त्या बटणाला बोट लागलं तर काय होईल, हे आमच्याकडे कोणी तोंडाने बोलत नाही. पॅनलवरचा माणूस मी.

आता ज्याच्या नशिबी झोपेचं दुखणं लिहिलं आहे, त्याच्या डोळ्यांसमोर देवाने काय ठेवावं? रुईचा डोंगर. पांढराशुभ्र, ऊबदार, छपराला टेकलेला. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात डुलकी लागली तर माणूस लोखंडावर आपटून जागा होतो. माझ्याकडे ती सोय नव्हती.

चष्म्याचा नंबर

मी डॉक्टरकडे गेलो तो चष्म्यासाठी. पॅनलवरची अक्षरं पुसट दिसायला लागली होती. डोळ्यांच्या डॉक्टरने दोन-तीन भिंगं लावून पाहिली, आणि नंबर सांगायच्या ऐवजी म्हणाला, "आधी शुगर तपासून या. नंबर मग काढू."

घरी सांगितलं तर शोभा, म्हणजे माझी बायको, अजिबात दचकली नाही. म्हणाली, "मी कधीची म्हनून राह्यली. माठ भरला की रिकामा. पानी पेता का शेताले देता?"

"अवं, रुईची धूळ असते. घसा कोरडा पडते."

"आन् रात्री उठता ते? तेबी रुईमुळंच काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वर्ध्याला दवाखान्यात गेलो.

तपासणीचा तो दिवस मला लग्नाच्या पंगतीसारखा आठवतो. उपाशीपोटी रक्त दिलं की जेवून यायचं आणि ठरल्या वेळाने पुन्हा द्यायचं. त्यामुळे रक्त देऊन आलेली सगळी माणसं एकाच वेळी बाकांवर डबे उघडून बसली. कोणाची पोळी, कोणाचं वरण-भात, एका म्हाताऱ्या बाईंकडे तर पुरणपोळी होती. त्यांच्या सुनेने दटावलं तर त्या म्हणाल्या, "तपासायचंच आहे तर चांगलं खाऊन तपासू ना." मला ते पटलं. शोभाला पटलं नाही, म्हणून मी तिने आणलेली पोळी-भाजी खाल्ली आणि पोट भरल्याबरोबर तिथेच भिंतीला डोकं टेकून झोपलो. माझं नाव पुकारलं तेव्हा मला जागं करायला शेजारचे दोघं लागले, असं शोभा अजून सांगते. एकाने फक्त चप्पल शोधून दिली, असं माझं म्हणणं आहे.

डॉक्टर तरुण होता. कोल्हापूरकडचा असावा, बोलणं तसं होतं. तोंडाला मास्क. रिपोर्ट पाहून म्हणाला, "काका, शुगर बरीच वाढलेली आहे. आणि आजची नाही ही."

खरं सांगायचं तर मला आधी 'काका' हा शब्द लागला. शुगर नंतर, जिना उतरताना लागली. माझ्या मोठेबाबांचा, वडिलांच्या मोठ्या भावाचा, शुगरमुळे पाय गेला होता. ते ओसरीवर बसून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी थांबलो आणि आपल्याच पायांकडे पाहत राहिलो. शोभाने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा दंड धरला. रस्त्यावर तिने माझा असा दंड धरल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

गूय

घरी आल्यावर शोभाने साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. माझी माय चुलीपाशी बसली होती. आजही तिच्या भाकरी चुलीवरच होतात. ती म्हणाली, "शक्कर बंद कर ना बाप्पा, पन माह्या पोराचा चहा काऊन बंद करतं? गूय टाक. गुयानं कोनाले काई झालं आजपावतर?"

इथे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. आमच्या भागात 'ळ' जिभेवर टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याला डोया, सकाळला सकाय, आणि गुळाला गूय. आणि गूय आमच्याकडे गोडात मोजत नाहीत. खोकला आला की गूय, बाळंतिणीला गूय, उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर पाण्याआधी गूय. माय स्वतः ऐंशीच्या घरात, रोज गुळाचा खडा खाते आणि सुईत दोरा ओवते. तिच्या शब्दापुढे माझं काय चालणार. शिवाय मला चहा हवा होता.

तरी मी शहाणपणा केला. पुढच्या भेटीत डॉक्टरला विचारून घेतलं. बाहेर नंबर पुकारण्याचा गोंगाट, त्याच्या तोंडाला मास्क.

"साखर बंद आहे ना काका?"

"पूर्ण बंद. आता गुयाचा चहा घेतो. चालते ना?"

"गाईचा? चालेल की. म्हशीपेक्षा बरा. फक्त वरची साय काढून घेत जा."

मी विजयी वीरासारखा घरी आलो. "गूय चालते," मी सांगितलं, "डाक्टरनं सोता सांगतलं. फक्त वरची साय काढाची."

शोभा म्हणाली, "गुयाच्या चहाले साय कुठची?"

"शिकला सवरला मानूस आहे तो. असंन काई तरी."

त्या दिवसापासून ती बिचारी माझा चहा उकळला की वर आलेला फेस चमच्याने काढायची आणि मग दोनदा गाळायची. माय कौतुकाने म्हणायची, "पाह्य, डाक्टरलेबी गुयाची पारख आहे."

जिनिंगच्या गेटजवळ चहाची टपरी आहे. तिथेही मी सांगून ठेवलं, फोरमनचा चहा गुळाचा. टपरीवाल्याने तो इतरांनाही विकायला सुरुवात केली. 'शुगरवाला चहा' असं त्याचं नाव पडलं. शुगर असलेल्यांसाठी, या अर्थाने. मला वाटलं, चला, आपल्या आजाराने गावाचं काही भलं झालं.

पण झोप वाढली. दुपारचा डबा खाल्ला की पापण्यांवर कोणी तरी ओली रुई ठेवल्यासारखं व्हायचं. झोप घालवायला मी चहा मागवायचो. चहाने थोडा वेळ बरं वाटायचं आणि मग आधीपेक्षा दुप्पट जोराने झोप यायची. मग पुन्हा चहा. डॉक्टरने दिलेली गोळी चालू आहे, साखर बंद आहे, तरी हे असं का, याचा विचार करायला डोकं जागं लागतं, आणि ते नव्हतं.

उभ्या उभ्या

थंडी संपत आली होती, सीझन जोरात होता. दुपारची वेळ. गाठ दाबून झाली, दारं उघडली, तार बांधून झाली. चौघांनी हात बाहेर काढले आणि माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबायला हवं होतं.

मी पॅनलसमोर उभा होतो. डोळे उघडे होते, असं चौघांचंही म्हणणं आहे. एक बोट बटणावर होतं. आणि मी झोपलो होतो.

गजू फिटर, म्हणजे आमच्या जिनिंगच्या सगळ्या मशीनींचा डॉक्टर, माझ्यापेक्षा थोडा लहान आणि तोंडाने फार मोठा, तो बाजूलाच पान्याने काही आवळत होता. त्याने वाट पाहिली. मग माझ्या कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, गाठ होऊन गेली. आता कापड विनून शर्ट शिवून आनू का तिचा?"

सगळे हसले. मी दचकून बटण दाबलं. दट्ट्या हलला. मीही हसलो.

पण त्या दिवशी घरी जाताना मोटारसायकल मी ढकलत नेली, चालवली नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्यांचे हात बाहेर होते म्हणून हसलो. मी झोपेतून दचकलो आणि बोट दाबलं गेलं. हे दचकणं थोडं आधी झालं असतं, हात आत असताना, तर?

गोष्ट शेठपर्यंत, म्हणजे जिनिंगच्या मालकापर्यंत, गेलीच. शेठ वाईट माणूस नाही. त्यांनी मला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं.

"देख प्रकाश," ते म्हणाले, "तू जुना माणूस आहेस. पण प्रेसवर झोप म्हणजे मजाक नाही. होळीपर्यंत बघतो. सुधरलं तर ठीक. नाही तर गेटवर बस. खुर्ची आहे, पंखा आहे, पगार तोच. फक्त गाड्या आत सोडायच्या."

सगळ्यांना वाटलं, काय नशीब आहे. बसून पगार. मला मात्र ओसरीवरचे मोठेबाबा दिसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारे. मी प्रेसच्या आवाजावरून रुई ओली आहे की कोरडी हे सांगतो. ते सोडून गाड्यांना हात दाखवत बसायचं? मी शेठला फक्त "हो" म्हणालो. मनात ठरवलं की खुर्चीवर बसायचं नाही. कसं, ते माहीत नव्हतं.

गाय नाई, गूय

पुढच्या तपासणीला शोभाही डॉक्टरच्या खोलीत आली. तोच डॉक्टर, तोच मास्क. नवा रिपोर्ट पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"काका, ही तर आधीपेक्षा वाढली. गोड खाताय का?"

"नाई. शप्पथ."

"गोळ्या?"

"चालू आहेत."

शोभाला राहवलं नाही. "साहेब, तुमी सांगतलं तसंच करून राह्यलो आमी. चहाबी साय काढूनच देतो त्याइले."

"गाईच्याच दुधाचा ना?"

"दूध पाकिटाचं आहे. गूय गावाकडचा."

"गाय गावाकडची, आणि दूध पाकिटाचं?"

"गाय नाई हो साहेब, गूय," शोभा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी हवेत एक गोल मोठा आकार करून दाखवला. "ढेप असते ना? तो गूय."

डॉक्टरने त्या आकाराकडे पाहिलं. मग त्याने मास्क खाली ओढला. पहिल्यांदा मी त्याचा चेहरा पाहिला. "गूळ?"

"तेच तं म्हनून राह्यली."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, मी गाईचा चहा ऐकला होता. गूळ म्हणजे साखरच की. तिचा रंग तेवढा वेगळा. दिवसाला किती कप होतात?"

मी विचारलं, "घरचे की एकंदर?"

या प्रश्नानंतर शोभाने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं तिने लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलं आहे.

डॉक्टर हसला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. उलट म्हणाला, चूक माझीही आहे, मी पुन्हा विचारायला हवं होतं. मग त्याने जे केलं ते आधी कोणी केलं नव्हतं. तो म्हणाला, "सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस सांगा. काय खाता, कधी खाता, गोळी कधी घेता, झोप कधी येते." मला गोष्ट सांगायला सांगणं म्हणजे बैलगाडीला उतारावर सोडणं. आमच्या घरात लग्नकार्याला मला मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसवतात, नाही तर पंगत उठत नाही. पण तो ऐकत राहिला. डब्यातला भाताचा डोंगर निघाला. डबा गजूसोबत उशिरा खायचा म्हणून गोळीही उशिरा, आणि कधी राहूनच जाणारी, हे निघालं. त्याने आणखी एक रक्ताची तपासणी लिहून दिली. त्यात एक जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची वेगळी गोळी सुरू झाली.

निघताना त्याने एक सांगितलं, ते जसंच्या तसं देतो. "झोप आली की अंदाज बांधू नका. शुगर वाढूनही गळून जायला होतं, उतरूनही होतं. बोटातलं रक्त मशीनवर बघा आणि मग काय करायचं ते ठरवा." तुमचं औषध, तुमचं जेवण तुमचा डॉक्टर ठरवेल, माझं ऐकू नका. फक्त त्याच्याशी बोलताना गूळ म्हणा. गूय म्हणू नका.

माय

घरी सांगायचं कसं, हा प्रश्न होता. शोभाने सरळ सांगून टाकलं. मायने चुलीतली लाकडं मागे ओढली. म्हणाली, "मंग म्या माह्या हातानं त्याले जहर पाजलं म्हन ना."

"तसं नाई माय. डाक्टरलेच समजलं नाई," शोभा म्हणाली.

"डाक्टरले नाई समजलं. मी तं त्याची माय आहे."

त्यानंतर ती स्वतः गूळ खाईना. मी समजावलं, शोभाने समजावलं, देवळीहून माझा भाऊ येऊन रागावून गेला. ती ढिम्म. शोभा मला ओरडायची, कारण मायला ओरडता येत नव्हतं. मी कोणाला ओरडावं हे न कळून कोंबड्यांना हाकलायचो. चहा बिनसाखरेचा, बिनगुळाचा. तो पहिल्यांदा घेतला तेव्हा भांडी घासल्याचं पाणी बरं वाटलं. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची.

एक दिवस संध्याकाळी मी पाय धुऊन आलो तर माय म्हणाली, "इकडं ये. पाय दाखव." तिने माझा पाय मांडीवर घेतला आणि कंदील दाखवावा तसा शोभाला मोबाइलचा उजेड धरायला लावला. टाच, बोटांच्या बेचक्या, तळवा, सगळं बोटाने चाचपून पाहिलं. कुठे काटा आहे का, चीर आहे का. माझं वय पन्नाशीला टेकलेलं. मला गुदगुल्या झाल्या आणि मी पाय ओढला, तर तिने चापट मारली. तेव्हापासून हे रोजचं झालं. तिची नजर सुईत दोरा ओवणारी आहे, हे मी वर लिहिलंच आहे.

गंजीभोवती

झोप कमी झाली, पण गेली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण चूक सापडली की सगळं सुटलं, असं मलाही वाटलं होतं.

डब्यात आता ज्वारीची भाकर, भाजी, डाळ आणि वाटीभर भात. गजूला हे सहन होईना. तो स्वतःच्या डब्यातला भात माझ्यात टाकायचा. "मानसानं असं चिमन्यावानी खायचं असते काय?" आमच्याकडे डब्यात आलेलं नको म्हणणं म्हणजे भांडण. शेवटी मी त्याच्यासमोर बोटाला सुई टोचून मशीनवर शुगर दाखवायचं ठरवलं. हा माणूस चालत्या जिनात हात घालतो, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडतो. माझ्या बोटावर रक्ताचा थेंब आला आणि त्याने मान फिरवून छपराकडे पाहिलं. "बस झालं भाऊ, बस झालं. नका खाऊ भात." त्यानंतर त्याने कधी आग्रह केला नाही. चमचाभर लोणचं तेवढं टाकतो.

जेवण झालं की मी कापसाच्या गंजीभोवती चक्कर मारायला लागलो. आवारात शेतकऱ्यांच्या कापसाचा मोठा ढीग असतो, तीच गंजी. सरकी गोळा करणाऱ्या बाया सावलीत बसून पाहायच्या. "फोरमन, काई हरपलं काय?"

"हो, झोप हरपली, ते शोधून राह्यलो."

"सापडली तं आमाले आनून देजा. आमाले रात्री येत नाई."

रोज चालायचो. त्याने फरक पडला. दुपारी पॅनलवर उभं राहिल्यावर डोळे उघडे राहायला लागले, आणि पहिल्यांदा अख्खी दुपार जांभई न देता गेली त्या दिवशी मी घरी जाऊन शोभाला ते सांगितलं. एखाद्याने परीक्षा पास झाल्याचं सांगावं तसं. ती म्हणाली, "मंग भांडे घासाले या." गेलो.

पण मग एक दुपार अशी आली, की सगळं नीट केलं होतं, डबा नीट, गोळी वेळेवर, चक्कर मारून झालेली, मशीनवर आकडाही ठीक, आणि तरी डोळ्यांवर ती ओली रुई. मी पॅनलची कड घट्ट धरली. ओठ चावला. समोर चौघांचे हात आत होते. मी बटणावरचं बोट उचलून हात पाठीमागे नेला आणि तसाच थांबलो. ती गाठ कशीबशी पार पडली.

तेव्हा मला कळलं की ही झोप मधूनमधून येणार. मी कितीही शहाण्यासारखा वागलो तरी येणार. आजवर मी ती लपवायची धडपड करत होतो, आणि लपवण्यातच सगळा धोका होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून शेठकडे गेलो.

"शेठ, मले झोप येते. कमी झाली, पन येते."

शेठने हातातला मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे गेटवर बसतोस?"

"नाई. गजूले प्रेस येते. झोप आली की मी सांगून त्याच्या हाती प्रेस देईन, बाहेर चक्कर मारीन आन् परत येईन. तेवढी परवानगी द्या. पॅनलवर झोपेत एक मिनिट उभा राहनार नाई, हे मी तुमाले लिहून देतो."

"फोरमनच सगळ्यांसमोर म्हणणार, मले झोप आली? लोक काय म्हणतील?"

"लोकं आताबी म्हनतेतच."

शेठने मोबाइल पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "होळी यायची आहे अजून. कर."

परवानगी मिळाली, पण तोंडातून शब्द निघेना. पहिल्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा मी दोन गाठी नुसता घसा खाकरत काढल्या. तिसऱ्या गाठीला आतले हात बाहेर आले, दट्ट्या मागे गेला, आणि मी मोठ्याने म्हणालो, "गजू, ये. मले झोप येऊन राह्यली."

आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा. जिनापलीकडच्या बायांनीही माना वळवल्या. चौघं माझ्याकडे पाहत राहिले. त्यांतला सगळ्यांत जुना, किसनभाऊ, तारेचा वेढा हातात घेऊन म्हणाला, "जा भाऊ. बरं केलं सांगतलं. त्या दिवशी तुमी हसले, आन् आमी चार दिवस हात घालाले भेलो."

मी बाहेर गेलो तेव्हा कान तापले होते. तीन चकरा मारल्या, थोबाड धुतलं, परत आलो.

होळीच्या आधी

होळी दोन-चार दिवसांवर आली होती. गंजी उतरत चालली होती, पलीकडचा रस्ता दिसायला लागला होता. दुपारी मला जडपणा आला, मी गजूला सांगितलं आणि बाहेर पडलो. अर्धी चक्कर झाली असेल तोच शेठची गाडी आत आली. माझ्याजवळच थांबली.

काच खाली गेली. "प्रकाश? पाळी चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग इथं काय करतो?"

आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, कापूस पाहतो, ओल पाहतो, काहीही. "झोप आली होती शेठ," मी म्हणालो, "उतरवून राह्यलो."

"प्रेस?"

"गजूकडे."

शेठने मान बाहेर काढून कान दिला. प्रेस चालू होती. दट्ट्या खाली जाताना जो जड हुंकार देतो तो ऐकू आला, मग दारं उघडल्याचा खणखणाट. मग काच वर करता करता शेठ म्हणाले, "गेटसाठी कोणी असला तुझ्या पाहण्यात तर सांग. भरवशाचा पाहिजे."

गाडी ऑफिसकडे गेली. मी उरलेली चक्कर पुरी केली. घाईने आत जाऊन सगळ्यांना सांगावं असं फार वाटलं, पण झोप अजून पुरती उतरली नव्हती, म्हणून आणखी एक मारली.

आत गेलो तेव्हा गाठ दाबून झाली होती आणि किसनभाऊ कोपरापर्यंत हात आत घालून वाकले होते. मी गजूच्या खांद्याला हात लावला.

"थांबा भाऊ," तो पॅनलवरून नजर न हलवता म्हणाला, "ही होऊ द्या. मंग घ्या."

मी त्याच्या बाजूला उभा राहिलो. तारा ओढल्या गेल्या, पीळ बसला. एकेक हात बाहेर आला. किसनभाऊंचा सगळ्यांत शेवटी. त्यांनी बोटं झटकली आणि मान हलवली. गजूने बटण दाबलं, गाठ बाहेर सरकली, आणि तो बाजूला झाला.